टेलिंगवर आयॉनिक लिक्विड रामबाण? कोण म्हणतं!

फोंड्याचा_क्यूसीवाला:
परवा इथे एचपीएलसीवर, म्हणजे कॉलममधून औषधातले घटक वेगळे करून तपासायच्या पद्धतीवर, कुणीतरी लिहिलं, "मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) आयॉनिक लिक्विड (कमी तापमानालाही द्रव राहणारं मीठ) घाला, बेसिक म्हणजे अल्कधर्मी औषधांचं टेलिंग (आलेखावरच्या पीकला सुटणारं शेपूट) विसरा, वर ग्रीन केमिस्ट्री." डोकंच फिरलं. काही मिलिमोलर, म्हणजे अगदी थोडं, पाण्यात गेलं की आयन सुटे होतात, उरतं ते महागडं मीठ! त्यातला धनायन इमिडाझोलियम सिलॅनॉल, म्हणजे कॉलमच्या सिलिकावरचे औषधाला धरून ठेवणारे गट, झाकतो, मान्य. ते ट्रायएथिलअमीन हे साधं अमीनही झाकतं. वर ऋणायन टेट्राफ्लुओरोबोरेट असेल तर ते आम्लधर्मी पाण्यात हळूहळू फुटून एचएफ (हायड्रोफ्लुओरिक आम्ल) देतं, ते सिलिकाच खातं. डिटेक्टरच्या २१० नॅनोमीटरला इमिडाझोलियम स्वतःच प्रकाश शोषतं, आलेखाची बेसलाइन चढते. यात ग्रीन काय?

मडगावची_रिसर्चवाली:
काका, अमीनने रिटेन्शन, म्हणजे औषध कॉलममध्ये थांबायचा वेळ, घटतं. इथे ऋणायन प्रोटॉन चढलेल्या औषधाशी जोडी जमवतं आणि रिटेन्शन वाढवतं. माझ्या प्रोजेक्टात अ‍ॅमिट्रिप्टिलीन या अल्कधर्मी औषधाचं शेपूट संपता संपत नव्हतं. आयॉनिक लिक्विड घातलं आणि पीक सरळ उभा राहिला.

फोंड्याचा_क्यूसीवाला:
मग सोडियम परक्लोरेट घाला, स्वस्तात जोडी जमेल.

मडगावची_रिसर्चवाली:
आणि सिलॅनॉल कोण झाकणार, सोडियम?

शिफ्ट_सी:
अहो, चांगला एंडकॅप्ड (सिलॅनॉल आधीच झाकलेला) कॉलम घ्या की! आमच्याकडे मागितला तर परचेसवाला विचारतो, "जुना चालतो ना?" टेलिंग फॅक्टर (शेपटाचं माप) २ च्या आत आणायला आम्ही तोच धूत बसतो. त्यात चवथीच्या आदल्या रात्री वीज गेली, पंप थांबला, बफरमधलं फॉस्फेट आत साचलं. कॉलम गेला आणि मेमो मला!

कुंडईकर:
यूपीएस कंपनीने लावायचा. पावसात माड तारेवर पडणारच.

शिफ्ट_सी:
लावलाय हो, फक्त साहेबाच्या केबिनला! तुम्ही कधी रात्रपाळी केलीय?

कुंडईकर:
पात्रांव, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून. बफर चालू ठेवून चहाला गेला असाल.

शिफ्ट_सी:
शिफ्टला एकटा माणूस. चहाला जाऊ की मशीन राखू? कॉन्ट्रॅक्टवर राहून बघा एकदा, मग बोला.

मडगावची_रिसर्चवाली:
वीज, चहा, कॉन्ट्रॅक्ट… धागा कशाचा होता? असो. आयॉनिक लिक्विड अ‍ॅसिटोनायट्राइल या मोबाइल फेजच्या सॉल्व्हंटमध्ये फॉस्फेटसारखं साचत नाही, एवढं तरी माना.

फोंड्याचा_क्यूसीवाला:
मानलं, बाई. धुऊनही ते पुरतं निघत नाही, म्हणजे कॉलम त्या एकाच मेथडला वाहिला. बाष्प होत नाही, म्हणून मास स्पेकवाले, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारे, दारात उभं करणार नाहीत. तरी हौस असेल तर या आमच्या लॅबमध्ये. कॉलम तेवढा तुमचा आणा.

शिफ्ट_सी:
जुना झाला की इकडे पाठवा.