'ऑगस्टा' म्हणजे सम्राज्ञी का?

प्रश्न
रोमवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात लिव्हिया, धाकटी अग्रिपिना यांच्या नावाला 'ऑगस्टा' जोडलेलं आहे. कोशात 'सम्राज्ञी' सापडलं. पण त्याच लेखात पुढे म्हटलंय की रोमन बाईला ना मताचा हक्क, ना कुठलं पद. मग सम्राज्ञी कसली? सरळ 'राणी' लिहू का?

प्रतिसाद
'राणी' तर मुळीच नको. रोमन मंडळींना 'राजा' या शब्दाचंच वावडं होतं. म्हणून तर इ. स. पू. २७ मध्ये सिनेटने, म्हणजे रोमच्या बड्या मंडळींच्या सभेने, पहिला सम्राट ऑक्टेव्हियन याला 'ऑगस्टस' ही उपाधी दिली. अर्थ 'पूज्य', 'वंदनीय'. शब्दाला धार्मिक वलय आहे, हुकमत नाही. हुकमतीसाठी त्याने ट्रिब्यूनचे (सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचे) अधिकार वगैरे वेगळे घेतले होते. ग्रीक भाषिक प्रांतांत याच अर्थाने 'सेबास्तोस' आणि बायकांसाठी 'सेबास्ते' म्हणत.

'ऑगस्टा' हे त्याचंच स्त्रीलिंगी रूप. ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने लिव्हियाला दत्तक घेतलं होतं (होय, स्वतःच्या बायकोला!) आणि तिचं नाव झालं ज्युलिया ऑगस्टा. सिनेटमध्ये काहींनी तिला 'देशमाता' म्हणावं असंही सुचवलं. खुद्द तिच्या मुलाने, टायबेरियसने, बायकांच्या मानसन्मानाला मर्यादा हवी म्हणत ते हाणून पाडलं.

प्रतिसाद
मग 'राजमाता' का नाही? नवरा गेल्यावर, मुलगा गादीवर असताना मिळालेला मान. जिजाऊंमुळे मराठी वाचकाला चटकन कळेल.

प्रतिसाद
लिव्हियापुरतं जमेल, पुढे गाडी अडते. अग्रिपिनाला ही उपाधी मिळाली इ. स. ५० मध्ये, नवरा क्लॉडियस जिवंत आणि सत्तेवर असताना. त्याच क्लॉडियसने आधीच्या बायकोला, मेसालिनाला, ती मिळू दिली नव्हती. आणि इ. स. ६३ मध्ये अग्रिपिनाचा मुलगा सम्राट नीरो याने बायको पोपियाबरोबर तान्ह्या मुलीलाही 'ऑगस्टा' केलं. ती बाळी चार महिन्यांच्या आत गेली. पाळण्यातल्या पोरीला ना राजमाता म्हणता येईल, ना सम्राज्ञी.

प्रतिसाद
हे पटलं, पण 'नुसता मान' म्हणून अग्रिपिनाला निकालात काढू नका. इ. स. ५४ मध्ये नीरो गादीवर आला तेव्हाची नाणी बघा. मायलेक समोरासमोर, आणि मुखवट्याच्या बाजूला उपाध्या आईच्या. मुलाच्या मागच्या बाजूला. पुढच्याच वर्षी दोघं एका दिशेला बघतात, नीरो पुढे, आई त्याच्या आड. मग ती नाण्यांवरून गायबच होते. सिनेटच्या बैठका राजवाड्यात बोलवत, म्हणजे ती पडद्यामागून ऐकू शके. आर्मेनियाचे राजदूत आले तेव्हा ती चौथऱ्यावर नीरोशेजारी बसायला निघाली. सगळे थिजले. नीरोचा गुरू सेनेका याने त्याला हळूच सुचवलं, उठ आणि आईला सामोरा जा. मातृभक्तीचा देखावा झाला आणि बाईंचं शेजारी बसणं टळलं. इ. स. ५९ मध्ये त्याच मुलाने तिचा खून करवला. सत्ता होतीच, फक्त तिला बसायला खुर्ची नव्हती.

प्रतिसाद
जाता जाता: 'सम्राज्ञी' शब्दाचा तरी कुठे एकच अर्थ आहे? लग्नात भटजी 'सम्राज्ञी श्वशुरे भव' म्हणतात तेव्हा नवरीला सासरघरापलीकडचं राज्य कोणी देत नाही.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द 'श्रीमंत'. राजघराण्यातल्या बाप्यांनाही लागतो, बायकांनाही, आणि त्याने कोणाला कारभार मिळत नाही. पण 'श्रीमंत लिव्हिया' लिहिलंत तर वाचक तिच्या दागिन्यांचा हिशेब करत बसेल! 'ऑगस्टा'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'राजघराण्यातल्या स्त्रीला मिळणारी बहुमानाची उपाधी' असं ओघात सांगा.

मूळ प्रश्नकर्ती
असंच करते. पण लेखाच्या शेवटी पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीतली, कॉन्स्टँटिनोपलची पुल्केरिया येते, तीही ऑगस्टा. तिथेही हेच?

प्रतिसाद
तिथे मात्र 'सम्राज्ञी' खुशाल लिहा. इ. स. ४१४ मध्ये ती पंधरा वर्षांची असताना ऑगस्टा झाली आणि धाकट्या भावाच्या, दुसऱ्या थिओडोसियसच्या, नावाने कारभार बघू लागली. तोवर या उपाधीला बरंच वजन आलं होतं. ४५० मध्ये भाऊ गेल्यावर मार्सियन नावाचा लष्करी माणूस गादीवर बसला. पुल्केरियाने त्याच्याशी लग्न केलं आणि त्याच्या गादीला घराण्याचा आधार मिळाला. आजन्म कुमारी राहण्याचं आपलं व्रत मात्र तिने लग्नानंतरही मोडलं नाही.