लोकर-लिननचं कापड यहुद्यांना वर्ज्य का? अशुद्ध म्हणून की याजकांचं म्हणून?

उभाआडवा
लोकर आणि लिनन एकत्र असलेलं कापड अंगावर घालू नये, असा नियम बायबलच्या जुन्या करारात आहे. त्यातल्या 'लेवीय' या पुस्तकात (१९:१९) नुसतं 'दोन प्रकारचं' म्हटलंय, 'अनुवाद' या पुस्तकात (२२:११) दोघांची नावं घेतलीत. यहुदी परंपरेत या कापडाला शातनेझ म्हणतात. "देवानं वेगळं केलेलं वेगळंच ठेवा" हे नेहमीचं स्पष्टीकरण मला पटत नाही. त्यातलंच 'निर्गम' पुस्तक, अध्याय २८ उघडा. मुख्य याजकाचा (पुरोहिताचा) एफोद म्हणजे अंगावरचं खास वस्त्र आणि ऊरपट म्हणजे छातीवरचा पट, हे कशाचे? सोन्याची तार, निळं, जांभळं, किरमिजी सूत आणि तलम लिनन. रंगीत सूत लोकरीचं. म्हणजे उपासनेतली सगळ्यात मानाची वस्त्रंच शातनेझ! हे कापड विटाळाचं नव्हतं, राखीव होतं. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तेच सांगतो: असलं वस्त्र फक्त याजकांचं.

दोनपदरी
सोयीचं तेवढं उचललंत. लेवीयच्या त्याच श्लोकात कापडाआधी दोन गोष्टी आहेत: जनावरांचा संकर नको, एका शेतात दोन प्रकारचं बी नको. याजकांना काय खेचरं राखीव होती? मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये हेच मांडलं की इथे पावित्र्य म्हणजे सृष्टीतले वर्ग एकमेकांत मिसळू न देणं. तिन्ही नियम त्यात बसतात, तुमच्या म्हणण्यात एकच.

उभाआडवा
खेचरांचंच घ्या. राजपुत्र शलमोनाला राज्याभिषेकाला नेलं ते बाप दावीद राजाच्या स्वतःच्या खेचरावर बसवून. विटाळ असता तर राजा बसला असता? आणि अनुवाद २२:९ म्हणतो, द्राक्षमळ्यात दुसरं बी पेरलं तर सगळं पीक पवित्र ठरून मालकाच्या हातून जातं. नासतं असं म्हटलेलं नाही.

मागावरची
कापडाच्या धंद्यातली आहे म्हणून बोलते. "लोकर आटते, लिनन आटत नाही, म्हणून बंदी" असं कुणीतरी लिहिणारच, ते आधीच खोडते. तसं असतं तर याजकांचे याच मिश्रणाचे कमरपट्टे पहिले आटले असते. खरी गोम रंगात आहे. लिनन त्या काळचे रंग नीट धरत नाही, लोकर घट्ट धरते. रंगीत नक्षी हवी तर पांढऱ्या लिननमध्ये रंगवलेली लोकर घालायची, हा सरळ उपाय. इस्राएलच्या दक्षिणेला तिम्ना खोऱ्यात समुद्री गोगलगायीच्या जांभळ्या रंगात रंगवलेली लोकर सापडली, ३००० वर्षांपूर्वीची. २०२१ मध्ये ते जाहीर झालं. असा माल महागच असणार. कुणी घालायचा आणि कुणी नाही याचे नियम महाग मालाचेच होतात. साध्या घोंगडीवर कोण बंदी घालतंय?

वाचकपंत
सावकाश. निर्गममध्ये त्या रंगीत सुताला 'लोकर' म्हटलेलंच नाही, ते पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, ठरवलं. शिवाय यहेज्केलच्या पुस्तकातला अध्याय ४४ सगळे विसरलात. तिथे मंदिराच्या आतल्या अंगणात याजकांनी फक्त लिनन घालायचं, लोकर अंगाला लागता कामा नये, घाम येईल असं काही नको. आणि लेवीय १६ मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात, जातो तो साध्या लिननमध्ये. एफोद नाही, ऊरपट नाही. मिश्रण एवढं पवित्र, तर नेमकं तिथेच का नको?

ओलेतं
आपल्याकडे सोवळ्याला रेशीम नाहीतर धाबळी. नेसून बाहेर भटकायचं नाही. तसंच हे!

दोनपदरी
@ओलेतं, तसंच नाही. सोवळं काम झालं की सोडायचं असतं, इथे सामान्य माणसाला ते कापड जन्मभर बंद आहे. उगाच ओढूनताणून नको.

उभाआडवा
पंत, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा मुद्दा बिनतोड आहे, तो टोचतोच. पण यहेज्केलमधला पुढचाच श्लोक वाचा: याजकांनी बाहेर लोकांत जाताना ती वस्त्रं उतरवावीत, नाहीतर लोकांना पावित्र्य लागेल. विटाळ लागतो तसं पावित्र्यही लागतं, ही त्यांची समजूत. माझा मुद्दा याच्यावरच उभा आहे. आणि अनुवादमध्ये शातनेझच्या बंदीनंतर लगेच काय येतं? वस्त्राच्या चार कोपऱ्यांना गोंडे लावा. त्यात एक निळा धागा असायचा, लोकरीचा, आणि लिननच्या वस्त्राला तो लावणं रब्बींनी तत्त्वतः मान्य केलं. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाच्या मते हा सामान्य माणसाला मिळालेला याजकपणाचा अंश. एकेक धागा का होईना, दिला तरी.

वाचकपंत
धागा सुंदर आहे, पण यहुदी धर्मपंडित मायमोनिडीस १२ व्या शतकात वेगळंच म्हणतो: मूर्तिपूजकांचे पुजारी असले कपडे घालत, म्हणून बंदी. आणि त्याच्या कायदेसंग्रहात सेवा चालू नसताना याजकानं तो कमरपट्टा घातला तर फटके आहेत! रावाद नावाच्या रब्बीनं तिथेच त्याला विरोध केला, ते सोडा. म्हणजे कापड याजकांचंही नव्हे, कामापुरती सवलत.

मागावरची
नियम आजही जिवंत आहे बरं का. न्यूयॉर्कमध्ये लोकरीचा सूट घेतला की कॉलर उसवून आतल्या कॅनव्हासचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. लिननच्या तंतूवर पेरं दिसतात, लोकरीवर खवले. पेरं दिसली की कॅनव्हास बदला.

दोनपदरी
मग सुटला प्रश्न! जेरुसलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पाडलं गेलं, वेदी नाही, एफोद नाही. राखीव कुणासाठी?

उभाआडवा
याजकांच्या वंशातले परंपरा पाळणारे कोहेन आजही स्मशानात जात नाहीत, घटस्फोटितेशी लग्न करत नाहीत. वेदी नाही म्हणून ते नियम त्यांनी सोडले नाहीत, कापडाचाच का सोडतील? प्रायश्चित्ताच्या दिवसाचं लिनन मात्र अजून अडलंय. कुणाला सुचलं तर लिहा.