लुरियाचा देव निर्वासित का झाला?

वाचनवेडा: १४९२ साली स्पेनच्या राजाराणींनी फर्मान काढलं: ज्यूंनो, बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. पुढे १५७० मध्ये इसहाक लुरिया हा ज्यू गूढवादी गुरू पॅलेस्टाइनच्या उत्तरेला, गालिलातल्या साफेदला आला. त्याची शिकवण अशी: सृष्टीला जागा व्हावी म्हणून देवाने स्वतःला आक्रसून घेतलं. त्या पोकळीत प्रकाश आला, पण पात्रांना तो पेलवला नाही. ती फुटली, ठिणग्या विखुरल्या. त्या वेचून पुन्हा मूळपदी नेणं हे माणसाचं काम, म्हणजे 'तिक्कून'. ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यामागे स्पेनची हकालपट्टी बघतात. मला पटतं. घर गेलेल्यांनी देवालाही परागंदा केलं, आणि त्यांची भटकंती सत्कारणी लागली!

खारेवारे: त्याच विषयाचे दुसरे अभ्यासक मोशे इदेल यांना हे मान्य नाही, मलाही नाही. लुरियाच्या शिकवणीत स्पेन शोधूनही सापडत नाही. तो जन्मला जेरुसलेमात, वाढला इजिप्तमध्ये. शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य, ज्यूंबरोबर वनवासात जाते हे तालमुदातच, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथातच आहे. झोहार हा गूढवादाचा मुख्य ग्रंथ तर हकालपट्टीच्या दोनेकशे वर्षं आधीचा.

वाचनवेडा: नाव घेतलं नाही म्हणून दुःख नव्हतं? साफेदमध्ये स्पेनहून आलेल्यांचा भरणा होता. तिथला धर्मशास्त्री योसेफ कारो, त्याने तर लहानपणीच देश सोडला. मध्यरात्री उठून जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाबद्दल विलाप करायचा विधी याच गावातून पसरला, तो काय उगाच?

निशाचर: उगम कुठलाही असो, पुढे काय झालं बघा. १६६५ मध्ये गाझाच्या नाथानने शब्बताई झ्वी या ज्यूला मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघतात तो तारणहार, म्हणून जाहीर केलं. दुसऱ्याच वर्षी तुर्की सुलतानापुढे मसीहा मुसलमान! नाथानचा खुलासा: ठिणग्या सोडवायला त्याला अंधारात उतरावं लागलं. कशावरही पांघरूण घालता येतं अशा सिद्धांताचं मला तरी भय वाटतं.

अलिबागकर: आमच्या कोकणातल्या बेने इस्राएलींना, म्हणजे इथल्या ज्यूंना, कुणी हाकललं नाही. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. साफेदच्याच श्लोमो अल्काबेत्झने रचलेलं 'लेखा दोदी' हे स्तोत्र ते शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात. त्यात जेरुसलेमला 'धूळ झटक, ऊठ' अशी हाक आहे. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. छळ नसतानाही ओढ असते, हे शोलेमवाल्यांनी लक्षात घ्यावं.

वाचनवेडा: तिथे पोचल्यावर रब्बींनी त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका काढली, १९६४ पर्यंत झगडावं लागलं, तेही सांगा. आणि ओढ मी नाकारतच नाही. पण फुटक्या पात्रांची कथा कोकणात नाही, साफेदमध्ये रचली गेली.

खारेवारे: मग ती कारोने का नाही रचली? खरा हद्दपार तो. त्याला रात्री देवदूत बोलायचा हे ठाऊक आहे, पण तो ओळखला जातो 'शुल्हान आरुख' या धर्मनियमांच्या ग्रंथामुळे: सकाळी उठल्यापासून काय करावं, काय खावं याचे नियम! पात्रं फोडली ती इजिप्तमधून आलेल्या लुरियाने. याचं उत्तर द्या, मग शोलेमकडे वळू.