घोडं अडलं ते पडताळणीत
भारत गप्प बसला म्हणून भूतानी निर्वासितांचा, म्हणजे भूतान सोडावं लागलेल्या नेपाळीभाषक लोकांचा, प्रश्न चिघळला, हे म्हणणं अर्धंच पटतं. भूतान-नेपाळच्या हद्दी एकमेकींना लागत नाहीत, माणसं आपल्याच भूमीवरून नेपाळात पोचली, आणि दिल्ली मात्र 'तुमचं तुम्ही बघा' म्हणत राहिली, हे खरंच. पण बोलणी काय कमी झाली? नेपाळ-भूतानमध्ये मंत्रीस्तरावर १५ फेऱ्या! २००१ साली नेपाळातल्या खुदुनाबारी निर्वासित छावणीत दोन्ही देशांच्या पथकाने १२ हजारांवर लोकांची, ते खरे भूतानी आहेत का याची, पडताळणी केली. २००३ मध्ये निकाल आला, त्यात जबरदस्तीने हाकललेले अस्सल भूतानी जेमतेम अडीच टक्के. सत्तरेक टक्के म्हणे स्वखुशीने देश सोडून गेलेले. त्यांनी परत जाऊन नागरिकत्वासाठी नव्याने अर्ज करायचा.

मुळात भूतानने १९८८ च्या जनगणनेत नागरिकत्वाचा पुरावा मागितला तो १९५८ च्या करपावतीचा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या वेळी शेअर सर्टिफिकेट शोधताना भल्याभल्यांची तारांबळ उडाली, तिथे डोंगरातल्या शेतकऱ्याने तीस वर्षांपूर्वीचा कागद काढून दाखवायचा! पुढे लाखावर लोक अमेरिका वगैरे देशांत गेले. त्यातल्याच काहींना २०२५ मध्ये अमेरिकेने भूतानला धाडलं, तर भूतानने त्यांना पुन्हा भारताच्या सीमेवर आणून सोडलं.