जीपच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटलेत. उलटे आटे ठेवू की बदलू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गावी (पाटण तालुका) आमची १९७८ची महिंद्रा सीजे ३बी आहे, पेट्रोलवरची. परवा तिचं पुढचं डावं चाक पंक्चर झालं. दुकानातल्या मुलाने पान्ना लावला, नट हलेना. मग पान्न्यात लांब पाइप अडकवून तो त्यावर उभाच राहिला. खाडकन एक स्टड (ज्यावर चाकाचा नट आवळतात तो बोल्ट) तुटला, पुढच्या नटालाही तेच. अण्णा चहा सोडून धावत येईपर्यंत दोन गेले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत. तिकडचे नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटतात. नटावर 'एल' कोरलेला आहे, पण तो चिखलाखाली गेला होता. म्हणजे मुलगा नट सोडवत नव्हता, जीव खाऊन आवळत होता. त्याच्यावर राग नाही. आधी सांगायचं काम आमचं होतं.

पाचपैकी तीन स्टड उरलेत, गाडी तिथेच एकांच्या आवारात उभी आहे. वेल्डर म्हणतो, तुटलेल्या बुडख्यावर नवा स्टड वेल्ड करतो. मेकॅनिक म्हणतो, जुने ठोकून काढू आणि साधे सुलटे बसवू. अण्णा म्हणतात, तीन नटांवर सावकाश घाट चढून घरी आणतो. मला तिन्हीची धास्ती वाटते. अण्णा ७२ वर्षांचे आहेत आणि गावातल्या आजारी माणसाला रात्री खाली आणायला हीच गाडी निघते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दादा, आधी अण्णांना थांबवा. दोन शेजारचे स्टड नसले तर उरलेल्या तिघांवर ताण येतो, आणि तेही त्याच पाइपाखाली ताणले गेले असतील. पाचही बदला.

वेल्डिंग नको. स्टडचं पोलाद उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डच्या आचेने ते बिघडतं.

ठोकूनही काढू नका. या जीपमध्ये स्टड हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जातो आणि त्याची कड ब्रेकच्या ड्रमवर फुलवून बसवलेली असते. तसाच ठोकला तर ती कड हबचं भोक मोठं करते आणि नवा स्टड गरगर फिरतो. हब-ड्रम उतरवून लेथवाल्याकडे न्या. त्याने आधी फुललेली कड कापावी, मग प्रेसवर स्टड बाहेर काढावा. नवा घेताना नुसते आटे जुळवू नका (अर्धा इंच, इंचाला २०), हबमध्ये बसणाऱ्या भागाची जाडीही व्हर्नियरने मोजा.

सुलटे चालतील, पुढच्या काळातल्या जीपना चारही चाकांना सुलटेच येतात. पण मग डावीकडच्या दोन्ही चाकांचे सगळे स्टड बदला, नटांसकट. एकाच चाकावर दोन प्रकार अजिबात नकोत. हब उघडलाच आहे तर बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा, सीलही बदला.

धागाकर्ता:

मनापासून आभार. अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ठोकण्याचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, "मागच्या उजव्या चाकाचा एक स्टड फिरतो, तो असाच ठोकला होता." तो हबही आता उतरवायचा आहे. मागचा हब टेपर (निमुळत्या) ॲक्सलवर किल्लीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसलेला आहे, त्याचा पुलर (हब ओढून काढायचं अवजार) कराड-सातारा भागात कोणाकडे मिळेल का?