'अनडिफाइन्ड रेफरन्स'ला मराठीत काय लिहायचं?

लॅबवाला: डिप्लोमाच्या पोरांसाठी सी प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीत करतोय आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' या एररला अडकलोय. 'अव्याख्यायित संदर्भ' लिहिलं तर स्टाफरूममधले एक सर म्हणाले, पोरगं शेवटच्या पानावर संदर्भग्रंथ शोधत बसंल. हेडर फाइलमध्ये फंक्शनचं डिक्लरेशन, म्हणजे नुसती नावनोंदणी, असतं म्हणून कंपाइल गुमान होतं, मग सगळे तुकडे जोडणारा लिंकर बोंब मारतो की बॉडी, म्हणजे फंक्शनचा खरा कोडच कुठं नाही. सुचवा काहीतरी.

रंकाळाकाठ: व्याख्या चूक कशी? वि-आ-ख्या, सविस्तर सांगणे. डिक्लरेशनमध्ये नुसतं नाव नि प्रकार, सविस्तर नंतर. आणि संदर्भ हा 'दृभ्' धातूवरनं, म्हणजे गुंफणे. लिंकर दुसरं काय करतो?

भट्टीवाला: काका, धातू बरोबर असंल, पण व्याख्या म्हटलं की पोरगं त्रिकोणाची पाठ म्हणायला लागतंय. 'फंक्शन सापडलं नाही' लिहा की सरळ. पत्रिकेत नाव छापलंय, माणूस हॉलवर आलाच नाही.

लॅबवाला: तिथंच घोळ आहे, नावच माहीत नसलं तर ती बोंब कंपायलरची, वेगळी. दोन्हीला 'सापडलं नाही' लिहिलं तर पोरं हेडर जोडायची इन्क्लूडची ओळ तपासत बसणार आणि खरं तर दुसरी सी फाइल कमांडमध्ये द्यायचीच राहिलेली असणार.

नवीनभरती: मधेच विचारतो सर, माझं स्क्वेअररूटमध्ये 2.0 घातलं की चालतंय, व्हेरिएबल दिलं की हीच एरर. मॅथ्स लायब्ररीसाठी कमांडमध्ये वजा एलएम लिहिलंय, फाइलच्या आधी.

लॅबवाला: शेवटी लिही. लिंकर डावीकडनं उजवीकडं वाचतो, आधी मागणी मग लायब्ररी. आणि थेट आकडा दिलास की जीसीसी कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतंय, कॉल उरतच नाही.

उद्यमनगर: आधी लिंकरला काय लिहिलंय ते सांगा. आयटीआयमध्ये फिटरला जोडारी म्हणतात, घ्या तोच. 'जोडारीला भाग मिळेना', झालं काम.

रंकाळाकाठ: जोडारी माणूस असतो हो, हा प्रोग्रॅम आहे. 'सांधक' करा.

भट्टीवाला: सांधक म्हणजे हाडवैद्य वाटतोय. असले शब्द पाडून पाडूनच पोरं इंग्लिशमध्ये वाचतात, आणि बरोबर करतात.

उद्यमनगर: पाडायचे कशाला, आहेत की. टर्नर कातारी, वेल्डर संधाता. शॉपमध्ये कोण म्हणत नाही ते सोडा, पण आयटीआयच्या ट्रेडच्या यादीत छापलेलं असतंय.

रंकाळाकाठ: संधाता! वा, लिंकरला हाच द्या, माझा सांधक मागे घेतो.

भट्टीवाला: मग वेल्डरनं काय करायचं लगा?