ड्रुइडाला मराठीत काय म्हणायचं? आणि त्या बांडगुळाचं काय करायचं?

बोरू:
प्राचीन केल्टिक धर्मावरच्या एका लेखाचं मराठी करायचं आहे. त्यात थोरल्या प्लिनीचा, म्हणजे पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाचा, तो प्रसिद्ध उतारा आहे. माझा कच्चा मसुदा असा:

‘शुद्ध षष्ठीच्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला ब्राह्मण ओकच्या झाडावर चढतो, सोन्याच्या कोयत्याने बांडगूळ कापतो, आणि खाली उभे असलेले लोक ते पांढऱ्या शालीत झेलतात. मग दोन पांढरे बैल बळी देतात.’

शंका पुष्कळ आहेत. ‘ड्रुइड’ म्हणजे केल्ट लोकांतला धर्मकार्य करणारा विद्वान, त्यासाठी ब्राह्मण चालेल, की पुरोहित? एका ठिकाणी ‘द्रविड’ आणि ‘ड्रुइड’ एकच असं वाचलं, ते खरं का? बांडगूळ हा शब्द पवित्र वनस्पतीला कसा लावायचा? केल्टांची पवित्र जागा ‘नेमेटोन’ म्हणजे आपली देवराईच ना? आणि केल्टिक की सेल्टिक? त्यांच्या त्या सणाचं नाव सॅमहेन की आणखी काही?

कोशकीटक:
सोपं आधी. भाषा, लोक, धर्म यांसाठी केल्टिक. ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बोस्टनचा बास्केटबॉल संघ तेवढे सेल्टिक.

सॅमहेन नको. आयरिशमध्ये ‘म’ला ‘ह’ जोडून लिहिला की म्हणजे ‘म्ह’ होत नाही, म मऊ होऊन व-उ कडे झुकतो. म्हणून ‘साउइन’ लिहा. खुद्द आयरिश उच्चार ‘साउन’च्या जवळ जातो. ‘लूनासा’ या दुसऱ्या सणाचंही तसंच, ‘लुघनसध’ नाही. हे दोन शब्द आजच्या आयरिशमध्ये अनुक्रमे नोव्हेंबर आणि ऑगस्ट या महिन्यांची साधी नावं आहेत, बेल्टेन या तिसऱ्या सणाच्या नावाचं मूळ रूप म्हणजे मे. (हिंदी ‘सावन’शी साउइनचा काही संबंध नाही. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.)

निरुक्ती:
द्रविड-ड्रुइड हे विसरा. ‘द्रविड’ हे ‘तमिळ’चंच संस्कृतातलं रूप आहे, पालीतलं ‘दमिळ’ मधली पायरी दाखवतं. ड्रुइडाशी साम्य फक्त कानाला.

खरं नातं आहे ते वेगळ्याच ठिकाणी. ‘ड्रुइड’ची फोड बहुतेक भाषाशास्त्रज्ञ *द्रु + विद् अशी करतात. ‘विद्’ म्हणजे जाणणे, तोच धातू आपल्या ‘वेद’ आणि ‘विद्या’मध्ये. ‘द्रु’ म्हणजे झाड, लाकूड: संस्कृत द्रु, द्रुम, दारु, मराठीत देवदार, आणि ज्यात आमटी वाढतात तो द्रोणसुद्धा, मुळात लाकडी भांडं. म्हणून ‘ओक जाणणारा’. दुसरा पक्ष म्हणतो की इथे ‘द्रु’ म्हणजे ‘लाकडासारखं घट्ट’, म्हणून ‘पक्कं ज्ञान असलेला’. प्लिनीने स्वतः ग्रीक ‘द्रूस’ म्हणजे ओक या शब्दाकडे बोट दाखवलं आहे. तो अंदाज ध्वनीवरून होता, पण फार चुकला नाही. ‘ध्रुव’ मात्र यात ओढू नका, त्यातला ध वेगळ्या धातूचा आहे.

बोरू:
मग ‘द्रुविद’ असा शब्द घडवला तर? छान वाटतो.

निरुक्ती:
छान वाटतो हीच अडचण. वाचकाला वाटेल हा शब्द संस्कृतात होता. नव्हता. धातू एक असले म्हणून शब्द एक होत नाहीत. ‘ड्रुइड’ लिहा आणि तळटीपेत नातं सांगा.

कोशकीटक:
‘ब्राह्मण’ही काढा. ‘पुरोहित’ त्यातल्या त्यात बरा, पण तोही अपुरा. रोमन सेनापती सीझर गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धावरच्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात ड्रुइडांची कामं सांगतो: यज्ञबळींवर देखरेख, तरुणांना शिकवणं, आणि खून, वारसा, शिवेचे तंटे यांत निवाडा. निवाडा मानला नाही तर यज्ञाला येण्याची बंदी, ही सगळ्यांत जबर शिक्षा. वर्षातून एकदा कार्नुटेस जमातीच्या मुलखात त्यांची सभा भरे. युद्धावर जाणं आणि कर भरणं दोन्ही माफ. काही जण शिक्षण पुरं करायला वीस वर्षं लावत. हे सगळं पाठांतराने, कारण विद्या लिहिणं निषिद्ध. इतर व्यवहारांत मात्र ग्रीक अक्षरं चालत.

पाठांतर आलं की आपल्याला लगेच वेदपाठशाळा आठवते आणि ‘ब्राह्मण’ लिहावंसं वाटतं. पण सीझरच्या वर्णनात ही जन्मजात जात नाही. पुष्कळ तरुण आपणहून किंवा आईवडिलांनी पाठवल्याने शिकायला जात. रोमन वक्ता सिसेरो याच्या ओळखीचा दिवितियाकुस हा एदुई जमातीचा ड्रुइड तर राजकारणी होता, रोमकडे मदत मागायला गेलेला. ‘ब्राह्मण’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं आणि नको ते चिकटतं.

आणि काळ बघून शब्द वापरा. गॉलमधला ड्रुइड वेगळा, मध्ययुगीन आयर्लंडच्या कथांतला ‘द्रुई’ वेगळा. त्याला ख्रिस्ती लेखक लॅटिनमध्ये ‘मागुस’ म्हणजे मांत्रिक म्हणतात. आजच्या आयरिशमध्ये ‘द्री’ म्हणजे जादूगारच.

रानवाटा:
बांडगुळाबद्दल. प्लिनीची वनस्पती म्हणजे युरोपातली ‘विस्कुम आल्बुम’: दुबेळक्याने फुटणाऱ्या हिरव्यापिवळ्या फांद्या, जाडसर पानं, पांढरी चिकट फळं. आपल्याकडे आंब्यावर जे दिसतं, नारिंगी नळीसारख्या फुलांचं, ते बहुधा ‘डेंड्रोफ्थो’. कूळ वेगळं, पण जगण्याची रीत तीच: स्वतः हिरवं, म्हणून अन्न स्वतः करतं, पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या फांदीत मुळं घालून ओढतं. फळातला चिकट गर बी फांदीला डकवतो. आपल्याकडे हे काम फुलटोच्या करतो, युरोपात एका जातीचा कस्तूर.

म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने बांडगूळ अगदी बरोबर आहे. पण मराठी वाचकाच्या मनात ‘समाजावरचं बांडगूळ’ आधी येतं. उताऱ्याचा सूर त्याने बिघडेल.

प्लिनीच्या वर्णनातलं एक महत्त्वाचं वाक्य तुमच्या मसुद्यात नाही: ओकवर ते क्वचितच सापडतं. हे खरं आहे. सफरचंद, लिंडेन, पॉप्लरवर ते भरपूर, ओकवर दुर्मीळ. हिवाळ्यात ओक निष्पर्ण असतो आणि त्यावर हा एकच गोळा हिरवा दिसतो. ते वाक्य गाळलं तर एवढा सोहळा कशासाठी हेच कळत नाही.

बोरू:
मग शब्द कोणता?

निरुक्ती:
अमरकोशात सोय आहे: ‘वन्दा वृक्षादनी वृक्षरुहा जीवन्तिका’. ‘वृक्षादनी’ म्हणजे झाड खाणारी, ती नको. ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर उगवणारी, तीत निंदा नाही.

कोशकीटक:
वृक्षरुहा कुणाला कळणार? ‘मिसलटो’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘हे एक प्रकारचं बांडगूळ’ म्हणा. प्लिनी सांगतो की ड्रुइड आपल्या भाषेत तिला ‘सगळं बरं करणारी’ म्हणत. तिथे ‘सर्वरोगहर’ बसेल.

रानवाटा:
बसेल, पण खाली एक ओळ हवी. प्लिनीच्या मते तिचं पेय वांझ जनावरांना फळतं आणि सगळ्या विषांवर उतारा आहे. प्रत्यक्षात विस्कुमच्या पानांत आणि देठांत विषारी प्रथिनं असतात. उलट्या, जुलाब, नाडी मंद होणं हे होऊ शकतं. हल्ली जुन्या विधींची नक्कल करणारे खूप आहेत. काढा म्हणून कुणी घेऊ नये.

पंचांगी:
‘शुद्ध षष्ठी’ लिहू नका. प्लिनी ‘चंद्राचा सहावा दिवस’ म्हणतो आणि त्यांचे महिने, वर्षं आणि तीस वर्षांचं युग त्याच दिवशी सुरू होतं असंही सांगतो. आपली तिथी चंद्र-सूर्यातल्या 12 अंशांच्या अंतरावर मोजतात, त्यांचा दिवस रात्रीवर. पहिली कोर दिसल्यापासून मोजलं तर एक-दोन दिवसांचा फरक सहज पडतो. ‘चंद्राच्या सहाव्या दिवशी’ एवढंच पुरे.

रात्रीवरून आठवलं. सीझर सांगतो की गॉल लोक काळ रात्रींनी मोजतात, रात्र आधी, दिवस मागून. म्हणून साउइन 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागतं आणि 1 नोव्हेंबरला संपतं. मराठी लेखांत ‘31 ऑक्टोबरचा सण’ असं सरसकट लिहितात, ते अर्धंच बरोबर.

मात्र पंचांगाशी तुलना करायचीच असेल तर त्यासाठी याहून चांगली वस्तू आहे, कोलिन्यीची दिनदर्शिका. फ्रान्सच्या ऐन प्रांतात 1897 साली तुटलेल्या काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले, ते आता लियोंच्या संग्रहालयात आहेत. भाषा गॉलिश, अक्षरं रोमन. पाच वर्षांचे महिने त्यावर कोरले आहेत: 60 नेहमीचे आणि 2 अधिक, एकूण 62. एक अधिक मास सुरुवातीला, दुसरा बरोबर तीस महिन्यांनी. प्रत्येक महिना दोन भागांत, मधे ‘आतेनुक्स’ हा शब्द, आणि त्यानंतर दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. आपल्या वद्य प्रतिपदेसारखंच.

आता वेदांगज्योतिष पाहा: पाच वर्षांचं युग, 62 चांद्रमास, तीस महिन्यांनी अधिक मास. याचा अर्थ कुणी कुणाकडून उचललं असा नाही. चंद्र सगळीकडे तोच, गणितही तेच, आणि चूकही तीच. 62 चांद्रमासांचे होतात सुमारे 1,830.9 दिवस, पाच सौर वर्षांचे 1,826.2. पाच वर्षांत पावणेपाच दिवसांची घसरण. दुरुस्ती केली नाही तर तीस वर्षांत सण जवळजवळ महिनाभर सरकतात. आपलं आजचं पंचांग संक्रांतीवरून अधिक मास ठरवतं, सरासरी 19 वर्षांत 7, म्हणून ते एवढं घसरत नाही.

बोरू:
त्या पत्र्यावर ‘मात’ आणि ‘आन्म’ असंही असतं. शुभ-अशुभ म्हणू का?

निरुक्ती:
‘मात’ म्हणजे चांगला (आयरिश ‘मा’ आजही चांगला), ‘आन्म’ म्हणजे न-चांगला. त्यातला ‘अन्’ आपल्या ‘अनादी’मधलाच. पण 30 दिवसांचे महिने मात आणि 29 दिवसांचे आन्म, असं जवळपास सगळीकडे दिसतं, ‘एक्वोस’ हा महिना अपवाद. म्हणून तुमच्या लेखात ‘पूरा’ आणि ‘उणा’ लिहिलं तरी अर्थ हलणार नाही. ‘अशुभ’ लिहिलंत तर वाचक मुहूर्त शोधायला लागेल.

ऋतूंची नावं मात्र खरोखर नात्यातली. ‘गियामोनी’ या महिन्यातला ‘गियाम’ म्हणजे हिवाळा, आपल्या हिम आणि हेमंताचा भाऊ. ‘सामोन’ या महिन्याच्या नावात उन्हाळा, त्याचं नातं संस्कृत ‘समा’ म्हणजे वर्ष याच्याशी. साउइन हाही त्याच घरातला.

रानवाटा:
नेमेटोनला देवराई म्हणण्याच्या मी बाजूने आहे. देवाच्या मालकीची झाडी, कुऱ्हाड लावायची नाही. रोमन कवी लुकानच्या काव्यात मसीलियाजवळच्या (आजच्या मार्सेजवळच्या) अशाच राईवर घाव घालायला सैनिक घाबरतात, शेवटी सीझर स्वतः पहिली कुऱ्हाड चालवतो. इ. स. 60 च्या सुमारास ब्रिटनमधल्या मोना बेटावरच्या राया रोमनांनी तोडल्या, तेही रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदलं आहे.

कोशकीटक:
अर्ध्याच बाजूने राहा. फ्रान्समधल्या व्हेजों इथे 1840 साली सापडलेल्या शिलालेखात सेगोमारोस नावाचा माणूस बेलेसामा देवीला ‘हे नेमेटोन’ अर्पण करतो. भाषा गॉलिश, अक्षरं ग्रीक. अर्पण केलेलं ते बहुधा बांधलेलं देवस्थान किंवा आखलेलं आवार. उगवलेली राई कुणी ‘हे’ म्हणून दगडावर कोरून देत नाही. उलट गॅलेशियात, आजच्या तुर्कस्तानात, ‘द्रुनेमेटोन’ इथे तीनशे जणांची सभा भरून खुनाचे निवाडे व्हायचे, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो. तेव्हा राई, देऊळ, सभास्थान असे तिन्ही अर्थ. ‘नेमेटोन’ लिहा, जिथे संदर्भ झाडीचाच आहे तिथे ‘पवित्र राई’. देवराई म्हटलं की त्या गावचा देव, वर्षाची जत्रा आणि आपला सह्याद्री येतो.

तळटीप:
लेखात आधुनिक भाग असेल तर तिथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. ‘ड्रुइड’ हा शब्द आज निदान तीन अर्थांनी चालतो.

वेल्समधलं ‘गोर्सेथ’ हे धार्मिक नाही. वेल्श कवी योलो मोर्गानुगने 1792 साली लंडनच्या प्रिमरोज हिलवर पहिला सोहळा केला, 1819 साली तो कार्मार्थनला आयस्टेथव्हडला, म्हणजे वेल्श काव्य-संगीत संमेलनाला जोडला गेला. तिथे ड्रुइड होणं हा वेल्श भाषेच्या सेवेबद्दलचा मान. योलोने पुरावा म्हणून दाखवलेली बरीच जुनी कागदपत्रं त्याने स्वतःच रचलेली निघाली. संमेलन मात्र झोकात चालू आहे. दुसरा अर्थ लंडनच्या 1781 च्या ‘एन्शंट ऑर्डर’सारख्या बंधुसभांचा. तिसरा आध्यात्मिक: रॉस निकल्सने 1964 मध्ये स्थापन केलेली ‘बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड’ यांची ऑर्डर, अमेरिकेत आयझॅक बोनविट्सची 1983 ची संघटना. इंग्लंडमध्ये ‘ड्रुइड नेटवर्क’ला 2010 मध्ये धर्मादाय नोंदणी मिळाली.

बार्डला, म्हणजे केल्टिक कवीला, ‘भाट’ म्हणायचा मोह होईल. काम जुळतं, सरदाराची स्तुती. व्युत्पत्ती जुळत नाही: भाट ‘भट्ट’वरून, बार्ड स्तुतिवाचक धातूवरून, तो संस्कृत ‘गृणाति’च्या कुळातला.

आठ सणांचं ‘वर्षचक्र’ प्राचीन म्हणून देऊ नका. मध्ययुगीन आयरिश साहित्यात साउइन, इम्बोल्क, बेल्टेन, लूनासा हे चारच. त्यांत अयन-संपाताचे चार मिळवून आठांचं चक्र विसाव्या शतकाच्या मध्यात झालं, आणि सप्टेंबरच्या संपाताला ‘मॅबन’ हे नाव 1970 च्या दशकात अमेरिकेत मिळालं. स्टोनहेंजही ड्रुइडांचं नाही. त्याचे मोठे दगड उभे करून दोन हजारांहून जास्त वर्षं झाल्यावर ड्रुइडांचा पहिला उल्लेख येतो. जोडी लावली ती सतराव्या-अठराव्या शतकात ऑब्री आणि स्टुकली या इंग्रज पुरातत्त्व-अभ्यासकांनी. 2000 सालापासून उन्हाळी अयनदिनाला तिथे सगळ्यांना मोकळा प्रवेश आहे, तिथले पांढऱ्या झग्यातले ड्रुइड मात्र खरे, आजचे.

आणि ‘पेगन’चं ‘मूर्तिपूजक’ करू नका. कित्येक आधुनिक पेगन मूर्ती ठेवतही नाहीत.

बोरू:
सगळं धरून पुन्हा:

‘ओकवर मिसलटो (हे एक प्रकारचं बांडगूळ) क्वचितच सापडतं. सापडलं की चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड झाडावर चढतो, सोन्याच्या कोयत्याने ते कापतो, खालचे लोक ते पांढऱ्या शालीत झेलतात. मग पूर्वी कधी शिंगं न बांधलेले दोन पांढरे बैल बळी देतात.’

कोशकीटक:
कोयता ऊस तोडायला; हा ‘विळा’. आणि ‘सोन्याचा’ऐवजी ‘सोनेरी’. शुद्ध सोनं मऊ असतं, लाकडी देठावर धार टिकणार नाही, तेव्हा मुलामा दिलेलं कासं असण्याची शक्यता जास्त. लॅटिन विशेषणात दोन्ही अर्थ बसतात, ‘सोनेरी’तही.

निरुक्ती:
बैलांचं उलटं झालंय. त्यांची शिंगं ‘तेव्हा पहिल्यांदाच बांधतात’, असं मूळात आहे. म्हणजे विधीच्या वेळी ती बांधलेली आहेत.

रानवाटा:
शालही नको. मूळ शब्द ‘सागुम’, म्हणजे जाड लोकरीचं पांघरूण, सैनिक वापरत ते. ‘धाबळी’ अगदी बसली असती, पण मग सोवळं आलं.

बोरू:
‘लोकरीच्या पांढऱ्या पांघरुणात’ केलं. विळा आणि शिंगंही सुधारली.